डावीकडून पहिली

माझे मामा सजावट आहेत हे मला एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला कळलं.

मामा म्हणजे माननीय विश्वासराव इंगवले, वाघजाळी तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचे सलग एकोणीस वर्षं अध्यक्ष. मी निनाद, त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मंडळाच्या संगणक विभागात नोकरीला. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि एक खुर्ची; पाहुणा आला की मी उभा राहतो. शिक्षक मला तोंडावर 'निनाद सर' म्हणतात आणि पाठीमागे 'भाचेबुवा'. विभाग स्टाफरूमला लागून असल्यामुळे मला दोन्ही ऐकू येतं.

त्या दिवशी कार्यालयाला नवा दरवाजा बसला होता. आपण समोर उभं राहायचं. दरवाजा चेहरा बघतो, ओळखतो, नाव घेऊन नमस्कार करतो आणि बाजूला सरकतो. पहिला मान अर्थातच अध्यक्षांचा. मामा समोर उभे राहिले. दरवाजा गप्प. मामांनी टोपी काढली. गप्प. चष्मा काढला. गप्प. मग मामा दरवाजाकडे ज्या नजरेनं बघायला लागले, त्या नजरेनं आमचे मुख्याध्यापक आठ दिवस रजेवर जातात. दरवाजाला रजा लागू नव्हती.

तेवढ्यात मागून आमच्या शिपाई मावशी चहाची किटली घेऊन आल्या.

"नमस्कार, माननीय विश्वासराव इंगवले," दरवाजा म्हणाला आणि सरकला.

"आत्ता कसा!" म्हणत मामा पुढे झाले. दरवाजा परत फिरला आणि त्यांच्या पोटाशी येऊन थांबला.

"कृपया सजावटीचं साहित्य वाटेत ठेवू नये," तो म्हणाला.

मावशी बाजूनं आत गेल्या. "साहेब, चहा आत ठेवू, का बाहेरच देऊ?"

मावशी आमच्याकडे एकतीस वर्षं शिपाई आहेत. मुख्याध्यापक त्यांना मावशी म्हणतात, पाचवीतली पोरं मावशी म्हणतात, आणि मावशींपेक्षा सहा वर्षांनी मोठे असलेले मामाही मावशीच म्हणतात. त्यांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. रोज बाराची घंटा स्वतःच देऊन त्या वीस मिनिटं घरी जातात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचं उजवं अंग गेलं. त्यांना भरवावं लागतं. ते दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाहीत असं नाही. दुसरं कोणी नाही.

आदल्याच दिवशी मामांनी माझ्याकडून मावशींच्या बदलीचा आदेश टाइप करून घेतला होता. वाघजाळीहून भुईखडक शाखा, अडतीस किलोमीटर, घाटावर, सकाळी सहाला जाणारी आणि संध्याकाळी सातला परतणारी एकच एसटी. मावशींच्या जागी मामांचा ड्रायव्हर सदा, त्याची बायको लागणार होती. मामा वाईट माणूस नाहीत. सदानं गाडीत विषय काढला तेव्हा 'बघू' म्हणायच्या जागी ते 'करतो' म्हणाले, एवढंच झालं. आता आदेशावर फक्त अध्यक्षांचा चेहरा उमटायचा बाकी होता. कारण आजकाल मंजुरीला सही चालत नाही. टेबलावरच्या कॅमेऱ्यात बघायचं, डोळे उघडे ठेवायचे, झालं.

आणि कॅमेऱ्याच्या मते मामांना चेहरा नव्हता. देखावा होता.

आता यात थोडं विज्ञान आहे. फार नाही.

वेबसाइटवर फोटो टाकताना त्याच्या मागे एक मजकूर लिहून ठेवता येतो. डोळस माणसाला तो दिसत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तो मोठ्यानं वाचून दाखवतो: 'पिंपळाखाली बसलेली तीन मुलं.' याला पर्यायी मजकूर म्हणतात. हाच मजकूर शोधयंत्राचा इंडेक्सरही वाचतो. इंडेक्सर म्हणजे जगातली सगळी पानं चाळत हिंडणारा आणि कुठे काय आहे याची सूची करणारा कारकून. या कारकुनाला पूर्वी चित्रं कळत नव्हती, म्हणून तो मजकुरावर विसंबायचा. पुढे त्याला चित्रं कळायला लागली आणि त्यानं मजकूर बाजूला टाकला. मग बनावट फोटोंचा पूर आला. नव्या दहा फोटोंतले नऊ यंत्रानं केलेले, आणि वर ते खऱ्यांपेक्षा बरे दिसायचे. चित्र बघून खरंखोटं ठरेना, तेव्हा इंडेक्सर मुकाट्यानं परत मजकुराकडे आला. पण कुठल्याही नाही. पुराच्या आधी, माणसानं, हातानं, शेकडो फोटोंना एकाच पद्धतीनं लिहिलेल्या मजकुराकडे. तो जितका कंटाळवाणा तितका विश्वासार्ह, कारण इतकं कंटाळवाणं खोटं लिहिण्यात कोणाचाच फायदा नसतो. अशा जुन्या फोटोंवरून त्यानं कोणता चेहरा कोणाचा याची यादी केली. ती स्वस्त होती. दरवाजेवाल्यांनी घेतली, दवाखान्यांनी घेतली, मंजुरीवाल्यांनी घेतली.

आमच्या मंडळाच्या मजकुराइतका कंटाळवाणा मजकूर उभ्या महाराष्ट्रात नव्हता. तो मी लिहिला होता.

बारावीच्या सुट्टीत मामांनी मला बसवलं होतं. दोन हजार तीनशे बारा फोटो, सगळे सत्काराचे. मंडळात शिकवणं आणि सत्कार ही दोनच कामं चालतात, आणि शिकवण्याचे कोणी फोटो काढत नाही. प्रत्येक फोटोबरोबर पेपरला पाठवलेल्या बातमीची प्रत होती, त्यातली नावं मी जशीच्या तशी उतरवली. चूक असणं शक्य नव्हतं. तरी मी गुजर सरांकडे गेलो.

गुजर सर आमच्याकडे इतिहास शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. माझा मजकूर संपूर्ण वाचलेला वाघजाळीतला हा एकमेव माणूस.

"सर, मंडळाच्या फोटोंत काही चुकलंय का?"

"फोटो मी बघितलेले नाहीत," सर म्हणाले. "मजकूर ऐकलाय. भयंकर आहे."

"चुकलंय का, ते विचारतोय."

"पहिलं नाव कोणाचं असतं?"

"मामांचं. कायम."

"आणि मामा उभे कुठे असतात?"

"मधे."

"हात्तिच्या!" सर खुर्चीत मागे टेकले. "अरे, फोटोखालची नावं जगभर डावीकडून लिहितात. मला आजवर वाटायचं, विश्वासराव दर वेळी कडेला जाऊन उभे राहतात. मनात म्हणायचो, काय नम्र माणूस आहे."

"आपल्याकडे मानाच्या क्रमानं लिहितात ना, सर. आधी अध्यक्ष, मग पाहुणे, मग बाकीचे. क्रम चुकला तर लोक जेवायला थांबत नाहीत."

"हे तुला माहीत, मला माहीत. त्या कारकुनाला कोण सांगणार? बरं, डावीकडून पहिलं कोण असतं? कोणीतरी असणारच. शाल काही हवेतून येत नाही."

मी जागेवर येऊन फोटो उघडले. आमच्या सभागृहात स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात पंख्याचं बटण आहे आणि हारतुऱ्यांचं टेबल. तिथे, प्रत्येक फोटोत, शाल-श्रीफळाचं तबक धरून मावशी. चार साड्या आलटून पालटून, केस काळ्याचे पांढरे होत गेलेले, तबक तेच. दोन हजार तीनशे बारापैकी दोन हजार तीनशे फोटोंत. बारा वेळा त्या रजेवर असाव्यात. आणि माझ्या मजकुरात त्यांचं नाव एकदाही नाही, कारण बातमीत नव्हतं.

म्हणजे इंडेक्सरच्या दृष्टीनं सरळ हिशोब होता. डावीकडचा चेहरा कायम एक, पहिलं नाव कायम एक. मावशी म्हणजे विश्वासराव, शंभर टक्के. मधल्या चेहऱ्याच्या वाट्याला मात्र दर वेळी वेगळ्या पाहुण्याचं नाव आलं होतं: दोन खासदार, एक कुस्तीगीर, एक त्वचारोगतज्ज्ञ, पशुसंवर्धनचे साहेब, असे एकूण सहाशे अकरा. सहाशे अकरा नावांचा माणूस असू शकत नाही. तेव्हा ही वस्तू असावी. हार घातलेली, नेहमी मधोमध, प्रत्येक समारंभात तीच. सजावट.

मी हे मामांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तक्रार कर."

"केली. तक्रार ज्याची त्यानं चेहरा दाखवून करायची असते. तुमचा दाखवला. ते म्हणतात, वस्तूंना तक्रार नोंदवता येत नाही."

कारभार थांबवता येत नव्हता. म्हणून बुधवारपासून मंजुरीपुरतं मावशींनी अध्यक्षांच्या खुर्चीत बसावं असं ठरलं. कॅमेरा टेबलाला पक्का बसवलेला होता, उभ्यानं बघून चालत नव्हतं. मामा शेजारी स्टुलावर बसायचे आणि एकेक कागद पुढे करायचे.

"मावशी, इथं बघा."

"काय आहे हे?"

"आहे काहीतरी. बघा तुम्ही."

"असं न वाचता कसं बघू, साहेब? माझा चेहरा जातोय त्याच्यावर."

मी वाचून दाखवायला लागलो. करमरकर बाईंची रजा मावशींनी लगेच बघितली. "पोरगी बाळंत व्हायचीय त्यांची, जाऊ द्या." खडूंच्या खरेदीला मात्र त्या बघेनात. "चौदा खोकी खडू जिन्याखालच्या कपाटात आहेत. मीच ठेवलीत." मामांनी जाऊन बघितलं. चौदाच होती. प्रयोगशाळेच्या नळाची दुरुस्ती तीन वर्षं अडकली होती, ती मावशींनी बसल्या बसल्या बघून टाकली. शुक्रवारी सकाळी मी माझ्या कानांनी ऐकलं, मुख्याध्यापक दारातून विचारत होते, "मावशी, चहा आणू का तुमच्यासाठी?"

"आणा," मावशी म्हणाल्या. "साखर कमी."

त्याच दिवशी पावणेबाराला मामांनी शेवटचा कागद पुढे सरकवला. "हा नेहमीचाच आहे. वाचायचं कारण नाही."

"वाच रे, निनाद," मावशी म्हणाल्या.

मी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते. मी वाचलं. प्रशासकीय कारणास्तव, भुईखडक शाखा, तत्काळ रुजू व्हावे.

मावशींनी डोळे मिटले.

"कृपया डोळे उघडे ठेवा," कॅमेरा म्हणाला.

"मावशी, डोळे उघडा."

"नाही उघडत."

"अहो, असं काय लहान मुलासारखं?"

"भुईखडकाहून मी बाराला घरी कशी येणार, साहेब?"

मामांनी वाट बघायची ठरवली. दहा मिनिटं आम्ही तिघं तसेच बसलो. एक अध्यक्ष खुर्चीत डोळे मिटून, एक अध्यक्ष स्टुलावर डोळे वटारून, आणि मी. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजत असल्यासारख्या मावशी उठल्या. "बारा झाले. येते मी." आणि तशाच, डोळे मिटून, टेबलाची कड चाचपत निघाल्या. एकतीस वर्षं त्या खोलीचा केर काढलेला, कुठे धक्का लागला नाही. फक्त दरवाजा उघडेना.

"माननीय विश्वासराव, डोळे उघडावेत," दरवाजा म्हणाला.

मी उठून आतलं बटण दाबलं. मामांनी ते पाहिलं.

घंटा ऐकू आल्यावर मामा म्हणाले, "निन्या, सोपा उपाय सांग."

मी नियम वाचून ठेवले होते. चेहऱ्यावरचं चुकीचं नाव काढून चेहरा रिकामा ठेवता येत नाही. त्याजागी खरं नाव द्यावं लागतं, आणि ते त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण सांगावं लागतं. मग सगळ्या फोटोंचा मजकूर डावीकडून नव्यानं लिहायचा.

"तिचं नाव? दोन हजार फोटोंखाली शिपायाचं नाव?" मामा म्हणाले. "त्यापेक्षा कापून टाक ना. डावीकडची पट्टी कापायची सगळ्या फोटोंची. कोणाला कळतंय?"

"नाही चालत, मामा. कापलेला फोटो इंडेक्सर बाद करतो."

हे खोटं होतं. फोटोच्या कडा जगात सगळेच कापतात, इंडेक्सरला त्याचं काही नसतं. आठवड्याभरात तो मावशींना विसरून गेला असता आणि मामा माणसांत आले असते. दोन तासांचं काम. मी खोटं का बोललो, याचं मला नीट कारण देता येत नाही. दोन तासांचं होतं म्हणूनच असेल.

संध्याकाळी पाचला मी मावशींच्या घरी गेलो. त्यांचे यजमान ज्ञानूभाऊ खिडकीशी खाटेवर होते. मी मावशींना सगळं खरं सांगितलं. नाव दिलंत तर मामांना त्यांचा चेहरा परत मिळेल आणि पहिला कागद ते तुमच्या बदलीचा काढतील. नाही दिलंत तर तुम्ही हवे तितके दिवस अध्यक्ष.

"काल दवाखान्यात गेले होते," मावशी म्हणाल्या. "यांच्या गोळ्या संपल्यात. तिथल्या मशिननं बघितलं मला आणि म्हणालं, पेशंटच्या पत्नीला पाठवा, विश्वासराव." त्यांनी ज्ञानूभाऊंची चादर सारखी केली. "अध्यक्ष होऊन काय करू? बायको राहू दे मला यांची."

"बाराला मी येईन रोज," मी म्हणालो. "तुम्ही भुईखडकला असाल तेव्हा."

"भरवता येतं का तुला?"

"मामांच्या तोंडात सहाशे अकरा माणसांची नावं घातलीत मी."

मावशी हसल्या नाहीत. विनोद त्यांना कळला होता, आवडला नव्हता.

शनिवारी सकाळी नोंदणी. फोनसमोर पूर्ण नाव बोलायचं: आपलं, नवऱ्याचं, आडनाव. आणि तिथेच गाडी अडली. एकतीस वर्षांत कोणी त्यांचं नाव विचारलं नव्हतं, बदलीच्या आदेशातही नुसतं 'शिपाई' होतं, आणि त्यांनी नवऱ्याचं घेतलं नव्हतं.

"द्वारका," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढे?"

"पुढे काय... लोहार."

"मधलं नाव अपूर्ण," फोन म्हणाला.

"मावशी, नुसतं 'ज्ञानू' म्हणा. त्यांना कळणार पण नाही."

"त्यांना नाही, मला कळेल ना." मग पदर सारखा करून, फोनकडे न बघता, एका दमात: "खडू संपला, फळा पुसला, घंटा झाली बाराची, ज्ञानूरावांचं नाव घेते, वेळ झाली घराची. द्वारका लोहार."

"नाव स्वीकारलं," फोन म्हणाला.

पुढचे नऊ दिवस मी मजकूर लिहीत होतो. डावीकडून: द्वारका ज्ञानू लोहार, तबक धरून. त्यानंतर बाकीचे, जिथे उभे असतील तिथे. दोन हजार तीनशे वेळा. आईचा फोन आला. "मामाच्या घरचं मीठ खाऊन त्याच्याच फोटोत शिपाईण पहिली लावलीस म्हणे?" मी म्हटलं, ती पहिलीच उभी आहे. आई म्हणाली, "असेल उभी. लिहायची काय गरज?"

दहाव्या दिवशी मामा दरवाजासमोर उभे राहिले.

"नमस्कार, विश्वासराव इंगवले."

"'माननीय' कुठं गेलं?"

"यादीत विशेषणं घेत नाहीत, मामा."

मागून मावशी आल्या. दरवाजानं त्यांना नमस्कार करून अख्खा उखाणा म्हणून दाखवला. स्टाफरूम बाहेर आला. गुजर सरांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी लाजून किटली तोंडापुढे धरली, आणि मामांनी खुर्चीत बसून, कॅमेऱ्यात बघून, बदलीवर चेहरा उमटवला.

त्या दिवशी इंडेक्सरचा अहवालही आला होता. मामा फोनवर बोलत असताना मी तो त्यांना वाचून दाखवला. शेवटची ओळ जरा भरभर वाचली: 'स्थिर खूण: द्वारका ज्ञानू लोहार. संस्थेचं ठिकाण या व्यक्तीवरून निश्चित केलं जाईल.' मामा "हं" म्हणाले. ते फोनवर म्हणाले असावेत.

ही ओळ साधी होती. पत्तेसुद्धा पुरात बनावट झाले होते. एकेका दुकानाचे चाळीस पत्ते. तेव्हा इंडेक्सर पत्ता विचारीत नाही. संस्थेच्या फोटोंत सगळ्यात सातत्यानं कोण दिसतं ते बघतो. तो माणूस आज जिथे, तिथे संस्था.

मावशी भुईखडकला रुजू झाल्या. तिथल्या दोन शिक्षकांनी वृक्षारोपण केलं आणि चार फोटो पाठवले. डावीकडून पहिल्या मावशी, तबकात कडुलिंबाची रोपं. मी मजकूर लिहिला, खरा खरा, आणि फोटो चढवले.

रोज बाराला मी ज्ञानूभाऊंना भरवायला जायचो. त्यांना काही माणसं आठवतात, काही नाही, त्यात काही नियम नाही. मी आठवत होतो, कारण सहावीत मी त्यांची कौलं फोडली होती. पहिल्या दिवशी अर्धी आमटी उशीवर गेली. "हळू," ते म्हणाले. आठवडाभर ते एवढाच शब्द बोलले. मी भात घेतला की 'हळू', पाणी घेतलं की 'हळू'. वीस मिनिटांचं काम मला पन्नास मिनिटं पुरायचं. मावशी सकाळी साडेपाचला बाहेर पडायच्या आणि रात्रीच्या जेवणालाच त्यांना दिसायच्या. शनिवारी त्यांनी दुपारचं तोंड उघडलंच नाही. खिडकीकडे बघत राहिले.

सोमवारी नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. वाघजाळीत नऊशे माणसं, लेझीम, बँड, आणि स्टेजवर मधोमध मामा. पालकमंत्री अकराला येणार होते. साडेबारापर्यंत आले नाहीत. मामांनी फोन लावला.

"साहेब, कुठं आहात?"

"मी तुमच्या संस्थेत आहे," पलीकडून आवाज आला. "उद्घाटन झालं, सत्कार झाला, पिठलंभाकरी झाली. तुम्ही कुठं आहात?"

मंत्र्यांच्या गाडीनं नकाशा बघून बरोबर भुईखडक गाठलं होतं. तिथे एकेचाळीस मुलं होती, दोन शिक्षक आणि तबक घेऊन मावशी. कापायला काही नव्हतं म्हणून शिक्षकांनी पाण्याच्या टाकीला सुतळी बांधली. मंत्री ती कापून, भाषण करून, खूश होऊन परस्पर पुण्याला गेले.

मामांनी मला स्टेजमागे बोलावलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे ती जिथं, तिथं संस्था?"

"हो."

"आणि मी?"

"तुम्ही तिथं नसलात तर अनुपस्थित."

मामा बराच वेळ फेट्याचा शेमला चाळवत राहिले. बाहेर बँडवाले दुसऱ्यांदा तीच धून वाजवत होते.

मंगळवारी सकाळी आम्ही भुईखडकला निघालो, सदा, मामा आणि मी. सदाच्या बायकोचा प्रश्न सुटला होता. ती म्हणाली होती, मला कुठं रोज घंटा बडवायची होती, हे सगळं आमच्या मालकांचं खूळ. घाट चढताना मामांनी मागे न बघता विचारलं, "निन्या, फोटो कापले असते तर चाललं असतं, काय रे?"

"हो, मामा."

दोन वळणं गेली.

"तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही कापायला लावले असते."

मामांनी विचार केला. "लावले असते," ते म्हणाले. मग फोन समोर धरून (मंजुरीला टेबल लागतं, रद्द करायला फोन पुरतो), डोळे नीट उघडे ठेवून त्यांनी बदलीचा आदेश रद्द केला.

मावशी व्हरांड्यात पोरांच्या चपला रांगेत लावत होत्या. मामा गाडीतून उतरून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि काहीतरी बोलण्याची तयारी करायला लागले. मावशींनी त्यांना तयारी पूर्ण करू दिली नाही.

"किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"मग उभे काय राहिलात, साहेब? गाडी वळवा."

त्या पुढे बसल्या. मामा माझ्याशेजारी मागे. सदानं घाट असा उतरवला की मामांनी दोनदा देवाचं नाव घेतलं. गाडी मावशींच्या दारात थांबली तेव्हा शाळेची घंटा नुकती होऊन गेली होती.

मावशी हात धुऊन थेट चुलीकडे गेल्या. भाकरी आमटीत कुस्करली आणि खाटेवर, नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसल्या. ज्ञानूभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. पहिला घास, दुसरा घास. कुठे सांडलं नाही, कोणी 'हळू' म्हणालं नाही. मामा दारातच उभे होते, आत जावं का बाहेर थांबावं हे न कळून. तिसऱ्या घासाला ज्ञानूभाऊंचं लक्ष तिकडे गेलं.

"कोण... आलंय?"

मामांनी घसा साफ केला. "मी. विश्वासराव."

ज्ञानूभाऊंनी त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. आठवण लागेना. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"आपल्या शाळेतले आहेत," मावशी म्हणाल्या.

"काय... करतात?"

मावशींचा घास धरलेला हात मधेच थांबला. त्यांनी मामांकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचार केला.

"सत्कार," त्या म्हणाल्या, आणि घास भरवला.